‘मढंच नाही तर खून कसला?’ : पनवेलचा निकाल आणि आमची पडवी

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

मे महिन्यात गावी गेले होते, दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला. आंब्याची अढी लावता लावता पडवीत पनवेलच्या निकालाचा विषय निघाला. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये नाहीशा झाल्या. नऊ वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, पनवेलच्या सत्र न्यायालयाने पोलीस अधिकारी अभय कुरुंदकरला खुनाबद्दल दोषी धरलं आणि जन्मठेप दिली. आणखी दोघांना पुरावा नष्ट केल्याबद्दल शिक्षा झाली, एक जण सुटला. मृतदेह वसईच्या खाडीत टाकला असं सरकार पक्षाचं म्हणणं. खाडी धुंडाळली, हाती काही लागलं नाही.

आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ऐंशी पार केलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मढंच नाही तर खून कसला?"

त्यांना कोणी हसलं नाही. हयात खाडीकाठी गेली आहे त्यांची. बुडालेली माणसं आठवड्याने तिवरात सापडलेली त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढली आहेत. माणूस गेला म्हणजे देह असतो, अग्नी असतो, दहाव्याला कावळा शिवतो. देहच नाही तर सुतक कोणत्या दिवसापासून धरायचं, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्याच पायरीवर कोर्ट उभं कसं राहिलं, हा त्याच्या पुढचा.

मला उत्तर देता आलं नाही. कायदा जाणणाऱ्यांनी सांगावं, पण ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांनीही सांगावं. घाई नाही.

फौजदारी_चिपळूण

अण्णांचा प्रश्न साडेतीनशे वर्षं जुना आहे. सतराव्या शतकातले इंग्लंडचे न्यायाधीश सर मॅथ्यू हेल लिहून गेले की देह सापडल्याशिवाय, किंवा खून झाल्याचं नक्की सिद्ध झाल्याशिवाय, मी कोणाला खुनाबद्दल दोषी धरणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश खटल्यात याचा विचार केला आणि सांगितलं की हा सावधगिरीचा नियम आहे, कायद्याची अट नाही. १९९१ मध्ये सेवका पेरुमल खटल्यात त्याहून स्पष्ट शब्दांत आलं. देह मिळालाच पाहिजे असं धरलं तर जो आरोपी देह नष्ट करण्यात यशस्वी होईल तो प्रत्येक जण सुटेल.

म्हणजे खून झाला हे सिद्ध करावंच लागतं. ते देह दाखवूनच करावं लागतं असं नाही.

मात्र परिस्थितीजन्य पुराव्याची चाळण फार बारीक आहे. ती आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात घालून दिली गेली, शरद बिरदीचंद सारडा, १९८४, पुण्याचं प्रकरण. एकेक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी, सगळ्या मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवणाऱ्या हव्यात, त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात, दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये, आणि साखळीतली एकही कडी निसटलेली चालणार नाही. वकिलांच्या भाषेत या पाच कसोट्यांना ‘पंचशील’ म्हणतात. त्याआधी १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायालय म्हणालं होतं की ‘केला असेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांच्यातलं अंतर लांबचं आहे. ज्युनिअर असताना माझ्या सीनिअरनी हे वाक्य मला वहीत लिहून घ्यायला लावलं होतं.

आणि ज्या निकालात ही पंचशील आली, त्या निकालात आरोपी सुटला. हे विसरू नका.

मालवणचो_झील

आमच्याकडे म्हणतत, दर्या काय पोटात ठेवणा नाय, भायर टाकता. पण खाडी ठेवता.

वाशिष्ठीकाठ

@मालवणचो_झील, म्हणजे कसं? जरा सविस्तर लिहा ना.

मालवणचो_झील

सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. समुद्रात बुडालेलं शरीर काही दिवसांनी फुगून वर येतं आणि वारा-पाणी जिकडे असेल तिकडे लागतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली ती मुंबईपासून लांब समुद्रात. त्यातल्या माणसांचे देह रायगडच्या आणि वलसाडच्या किनाऱ्याला लागले. ओळखायला डीएनए करावं लागलं, पण लागले.

खाडीचं तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. वसईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तळाला गाळ, कडेला तिवरं, मध्ये रेतीच्या होड्यांनी पाडलेले खड्डे. वरून उल्हास नदीचं पाणी पावसात रेटा देतं. अख्खा देह असेल तर एखाद्या डोलीच्या जाळ्यात तरी येईल. तो अख्खा नसेल, वजन बांधलेलं असेल, तर मासे, खेकडे आणि गाळ मिळून महिन्याभरात काही ठेवत नाहीत. तिथे वर्षा-दोन वर्षांनी शोधायला उतरणं म्हणजे काय हे कुठल्याही कोळ्याला विचारा. त्या शोधात काही मिळालं नाही, याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

त्यामुळे ‘खाडीत टाकला म्हणता, मग सापडला का नाही?’ हा बचाव मला लंगडा वाटतो.

शंकेखोर

मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण कोणीतरी मांडलीच पाहिजे.

हेल यांनी तो नियम लिहिला त्या काळात इंग्लंडमध्ये काय घडत होतं ते बघा. १६६० मध्ये कॅम्पडेन गावात विल्यम हॅरिसन नावाचा म्हातारा कारभारी वसुलीला गेला आणि परतला नाही. रस्त्यात त्याची टोपी आणि रक्ताचा डाग लागलेली गळपट्टी मिळाली. देह नाही. नोकर जॉन पेरीने स्वतः कबुली दिली, आई आणि भावालाही गोवलं. तिघांना १६६१ मध्ये फाशी झाली. १६६२ मध्ये हॅरिसन चालत घरी आला.

हे जुनं झालं म्हणाल, तर परवाचं घ्या. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या एका आदिवासी माणसाला बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली दीड वर्षाच्या आसपास तुरुंगात ठेवलं. तिथे तर सांगाडाही होता! पोलिसांनी तो तिचा म्हणून धरला. डीएनए जुळला नाही तरी खटला चालूच. एप्रिल २०२५ मध्ये बायको मडिकेरीत हॉटेलात जेवताना दिसली. म्हणजे ज्या महिन्यात पनवेलचा निकाल लागला, त्याच महिन्यात.

मी पनवेलच्या निकालाविरुद्ध बोलत नाही. पुरावा न्यायाधीशांनी पाहिला, मी पाहिलेला नाही. पण ‘देह नको’ ही वाट एकदा रुळली की तिच्यावरून कोण चालेल? वकील परवडणारा अधिकारी नाही चालणार. चालेल तो कोडगूसारखा मजूर. त्याच्या वेळी साखळीची कडी कोण तपासून बघणार?

फौजदारी_चिपळूण

तुमची भीती खरी आहे आणि मी ती रोज कोर्टात बघतो. कोडगूच्या प्रकरणात कडी तुटलेली होती, डीएनए जुळत नव्हता आणि तरी पुढे रेटलं गेलं. तो दोष नियमाचा नव्हता, नियम न पाळण्याचा होता.

कबुलीचंही तसंच. कॅम्पडेनची फाशी उभी राहिली ती कबुलीवर. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावाच नाही. आरोपीने दाखवून काही वस्तू निघाली तर तेवढ्या निघालेल्या गोष्टीपुरतं त्याचं बोलणं घेतात. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये गेलं. बिनदेहाच्या खटल्यात तर देहच निघत नाही, त्यामुळे हत्यार, कपडे, गाडी, फ्रीज, फरशीतला रक्ताचा अंश असल्या गोष्टींवर सगळा भार येतो. पंच फितूर झाले की तोही जातो.

‘शेवटचे एकत्र दिसले’ हा मुद्दाही एकटा पुरत नाही. दोघे एकत्र दिसले आणि त्यानंतर फार थोड्या वेळात एक जण नाहीसा झाला, मधे तिसरा कोणी येण्याला जागाच नव्हती, तर मग आरोपीला विचारता येतं की तुझ्या एकट्याच्या माहितीतली गोष्ट तू सांग. हे जुनं कलम १०६, आताचं १०९. पण सरकार पक्षाने आधी स्वतःची भिंत उभी करायची, मग आरोपीला बोलायला लावायचं. उलटं चालत नाही.

निवृत्त_मास्तर

वकीलसाहेब, डॉ. लागूंचा खटला कोणी आठवला नाही याचं आश्चर्य वाटलं. आमच्या लहानपणी घराघरांत हा विषय होता.

पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे. मधुमेहाच्या रुग्ण, विधवा, थोडी मालमत्ता बाळगून. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांना नोव्हेंबर १९५६ मध्ये रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन निघाले. पहाटे त्या बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाल्या आणि गेल्या. नाव चुकीचं नोंदवलेलं. देह बेवारस म्हणून पडून राहिला. पुढे शवविच्छेदन झालं, रासायनिक तपासणीत विष आढळलं नाही. तरी फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये ती कायम केली.

इथे देह होता, पण त्या देहाने काहीच सांगितलं नाही. मग सांगितलं कशाने? लक्ष्मीबाई गेल्यानंतर त्यांच्या नावाने नातेवाइकांना पत्रं येत राहिली. आपण पुनर्विवाह केला, राजस्थानात सुखात आहोत, शोधू नका. इकडे त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात राहिली. मेलेल्या बाईच्या नावाने पत्र कोण लिहील? जिला ती मेली हे ठाऊक आहे अशीच व्यक्ती.

अश्विनी बिद्रे यांच्या मोबाइलवरूनही त्या नाहीशा झाल्यावर घरच्यांना मेसेज गेले होते, हे वाचलं तेव्हा मला ती पत्रं आठवली. साठ वर्षांत टाक जाऊन मोबाइल आला. मृत्यू लपवायला जे करावं लागतं, त्याचीच साखळी होते.

बक्कल_नंबर

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. कोकणातल्या तीन-चार ठाण्यांत नोकरी केली. मास्तरांनी बरोबर बोट ठेवलं, पण त्या साखळीला गंज कसा लागतो ते मी सांगतो.

मोठा माणूस हरवला की ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते. तो गुन्हा नसतो, रजिस्टरात नोंद असते. मूल असेल तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. पण बावीस वर्षांची मुलगी, तीस वर्षांची बाई, चाळिशीतला खलाशी यांच्यासाठी नोंद. ठाणे अंमलदार विचारतो, घरात भांडण झालं होतं का? कोणाबरोबर गेली असेल का? येईल दोन दिवसांत. मीही असं म्हटलेलं आहे. बहुतेक वेळा माणूस येतोही, म्हणून ते म्हणायची सवय लागते.

पण जे येत नाहीत, त्यांचा सगळा पुरावा त्याच दिवसांत असतो. लॉजच्या, पेट्रोल पंपाच्या, सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, त्यावर नवीन चढतं. फोन कोणत्या टॉवरला कधी होता याच्या नोंदी कंपन्यांनी आता दोन वर्षं ठेवायच्या आहेत, पूर्वी एकच वर्ष होतं. खोली धुतली जाते, रंग काढला जातो. गाडी विकली जाते. शेजाऱ्याला तारीख आठवेनाशी होते आणि उलटतपासणीत वकील त्याला त्यावरच उभा कापतो.

बिद्रे मॅडम एप्रिल २०१६ मध्ये नाहीशा झाल्या, मुख्य आरोपीला अटक डिसेंबर २०१७ मध्ये. वीस महिने. मधल्या काळात, २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी, त्याच माणसाला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं. हे लिहिताना माझे हात थरथरतात, कारण ती वर्दी मी एकतीस वर्षं घातली. त्या स्वतः पोलीस होत्या आणि तरी घरच्यांना दारोदार फिरावं लागलं. मग हर्णै-जयगडच्या कोळणीचं काय होत असेल?

म्हणून मला वाटतं, ‘देहाशिवाय शिक्षा द्यावी का’ हा प्रश्न फार उशिराचा आहे. त्या खटल्याचा निम्मा निकाल मिसिंगच्या पहिल्या पंधरा दिवसांत लागलेला असतो. शंकेखोर म्हणतात तो निर्दोष मजूरही याच पंधरा दिवसांत वाचतो. तपास वेळेवर झाला तर खरा सुटत नाही आणि भलता अडकत नाही.

हर्णैची_पोर

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्या घरात खून नाही, पण देह नाही हे आहे. माझा मामा खलाशी होता. बोट उलटली, चौघे पोहून आले, मामा आला नाही. गावात कोणालाही शंका नाही की तो गेला. आजी मात्र कोणी दारात आलं की अजून उंबऱ्याकडे बघते.

मामीला मृत्यूचा दाखला मिळायला वर्षं गेली. सात वर्षं कोणाला काही कळलं नाही तर माणूस मेला असं धरता येतं, असं आम्हाला सांगितलं गेलं. सात वर्षं ती कपाळाला कुंकू लावू की नको या विचारात. बँकेतले पैसे अडकलेले, घर त्याच्या नावावर, मुलाच्या दाखल्यावर वडील हयात.

आजी लहानपणी रामदास बोटीचं सांगायची. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. कित्येकांचे देह मिळालेच नाहीत. तरी ती गेली हे सगळ्यांनी मान्य केलं, कारण त्यांना बोटीत चढताना कोणीतरी पाहिलं होतं.

मास्तरांनी लिहिलेलं वाचून वाटलं, कोर्ट तरी वेगळं काय करतं? बोटीत चढताना पाहिलेला माणूस शोधतं.

शंकेखोर

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण एक कबूल करतो. समुद्राच्या बाबतीत आपण देह मागत नाही आणि माणसाच्या बाबतीत मागतो, कारण समुद्राला कोणी तुरुंगात घालणार नसतं. त्यामुळे ‘तो मेला’ इतकं मानायला बोटीत चढताना दिसणं पुरतं. ‘याने मारला’ म्हणायला मात्र पुरत नाही. त्या मधल्या जागेसाठी मी भांडतोय, एवढंच.

फौजदारी_चिपळूण

सात वर्षांच्या कलमाबद्दल. जुनं १०८, आता १११. त्यात माणूस हयात नाही एवढंच धरलं जातं, कधी गेला आणि कसा गेला हे त्यातून सिद्ध होत नाही. खुनाच्या खटल्याला ते कलम पुरत नाही आणि सात वर्षं थांबायची गरजही नसते. तसंच बोट बुडाल्याचा स्वतंत्र पुरावा असेल, वाचलेले खलाशी सांगत असतील, तर दिवाणी न्यायालयात सात वर्षांआधीही मृत्यू सिद्ध करता येतो. हर्णैची ताई, तुमच्या मामींना हे कोणी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं.

देह समुद्रात गेलेला खुनाचा खटलाही आहे. ऑक्टोबर १९४७, रामदास बोटीनंतर तीनच महिन्यांनी, ‘डर्बन कॅसल’ जहाजावरून गे गिब्सन नावाची अभिनेत्री आफ्रिकेच्या पश्चिमेला नाहीशी झाली. जहाजावरच्या जेम्स कॅम्ब नावाच्या कर्मचाऱ्याने केबिनच्या गोल खिडकीतून देह समुद्रात ढकलल्याचं मान्य केलं, पण ती झटका येऊन मेली म्हणाला. देह मिळाला नाही. १९४८ मध्ये ज्युरीने त्याला दोषी धरलं. झटका आलेल्या माणसासाठी मदत न बोलावता त्याला खिडकीतून का ढकललंस, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पनवेलचा निकाल सत्र न्यायालयाचा आहे, वर उच्च न्यायालय आहे. शंकेखोर म्हणतात ती चाळण तिथे परत लागते. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे गरीब पक्षकाराचा मुंबईचा एसटीचा खर्च आणि मुक्काम तरी वाचला.

तिवरातली_वाट

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. माझी चुलत बहीण चौदा महिन्यांपूर्वी सासरहून निघाली ती कुठेच पोचली नाही. मिसिंग दिली आहे. नंतर काही नाही. ठाण्यात गेलं की म्हणतात तपास चालू आहे. सासरचे म्हणतात पळून गेली. काका पुन्हा जायला कचरतात, गावात चर्चा होते म्हणून.

बक्कल नंबर काका, दोन वर्षं म्हणालात ना फोनच्या नोंदी?

बक्कल_नंबर

हो पोरी. दोन वर्षं. म्हणजे दहा महिने हातात आहेत, पण दहा महिने थांबू नको.

उद्याच जा. एकटी जाऊ नकोस, कोणीतरी शिकलेलं बरोबर घे. मिसिंगचा नंबर आणि तारीख लिहून घे, नोंदीची प्रत माग. लेखी अर्ज दे, त्यात तिचा मोबाइल नंबर, शेवटचा फोन कोणाला झाला, घातलेले दागिने, बँक खातं, गेल्या चौदा महिन्यांत खात्यातून पैसे निघाले की नाही हे सगळं लिही. फोनच्या नोंदी मागवून जपून ठेवाव्यात अशी विनंती स्पष्ट शब्दांत कर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नको. आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्या तारखांनंतर बेवारस मयताच्या एडी (अकस्मात मृत्यूच्या नोंदी) दाखल झाल्या असतील त्यांच्याशी पडताळणी झाली का, तेही लेखी विचार. आई किंवा वडील डीएनए नमुना द्यायला तयार आहेत असंही लिही.

घातपाताचा संशय असेल तर तोही लिही, कोणावर आणि का ते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालात आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना.

फौजदारी_चिपळूण

काकांनी सांगितलं त्यात भर घालण्यासारखं काही नाही. अर्जाचा मसुदा मी आज रात्री करून देतो, फी नाही. संपर्क निरोपातून करा, नावं इथे उघड लिहू नका.

वाशिष्ठीकाठ

अण्णांना काल फोनवरून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मास्तरांच्या पत्रांपाशी त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होते. शेवटी विचारलं, "त्या पोरीबरोबर उद्या कोण जातंय?"

ताई, तुमचं ठाणं चिपळूण किंवा गुहागर तालुक्यात असेल तर मी शनिवारी गावी येतेच आहे. मी येते बरोबर.

तिवरातली_वाट

गुहागर. शनिवारपर्यंत थांबत नाही, उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने काकांना घेऊन निघते. शनिवारी परत जावं लागलं तर तुम्हाला फोन करीन.